सरासरीच्या गणितात ‘कमीत कमी किती’ विचारलं की काय करायचं

“चार पेपरांत ६८, ७४, ८१ आणि ७० पडलेत, आता पाचव्यात कमीत कमी किती पडले म्हणजे सरासरी ७५ तरी होईल?” संध्याकाळी माझ्याकडे गणिताला येणाऱ्या पोरांपैकी कोणी ना कोणी दर युनिट टेस्टनंतर हे विचारतंच, आणि बहुतेक जण ते अंदाजाने सोडवायला बसतात, म्हणजे आधी ८० घालून बघायचं, कमी पडलं की ८५ घालायचं, ते जास्त झालं की ८३ वर यायचं. उत्तर सापडतं, नाही असं नाही. पण परीक्षेत तेवढा वेळ नसतो, आणि गणितात ‘कमीत कमी’ ऐवजी ‘पेक्षा जास्त’ आलं किंवा पेपर किती तेच माहीत नसलं की ही अंदाजाची गाडी तिथंच थांबते. म्हणून हे असमतेनं, म्हणजे ते < > ≤ ≥ वाले चिन्ह वापरून, कसं सोडवायचं ते पहिल्यापासून लिहितोय. बेरीज, गुणाकार, भागाकार आणि साधं समीकरण सोडवता येत असेल तर पुढचं सगळं जमेल, बाकी काही लागत नाही.

पहिली पायरी: सरासरी बाजूला ठेवा, बेरजेवर या

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे त्यामुळे इथं जरा थांबतो. सरासरी हा आकडा थेट बेरीज-वजाबाकीत घालता येत नाही, बेरीज घालता येते. पाच पेपरांची सरासरी किमान ७५ पाहिजे याचा अर्थ पाचही पेपर मिळून किमान ५ × ७५ = ३७५ मार्क पाहिजेत, बस. आता चार पेपरांचे झाले ६८ + ७४ + ८१ + ७० = २९३. पाचव्यातले मार्क क्ष धरा.

२९३ + क्ष ≥ ३७५
क्ष ≥ ८२

झालं गणित. ताळा दोन्ही बाजूंनी करा, ही सवय लावून घ्या. ८२ घातले तर ३७५ भागिले ५ बरोबर ७५, चाललं. ८१ घातले तर ३७४ भागिले ५ म्हणजे ७४.८, नाही चाललं. सीमेवरचा आकडा चालतो आणि त्याच्या अलीकडचा चालत नाही, एवढं दिसलं की उत्तर पक्कं.

आता इथं होणारी एक चूक सांगतो, आणि ती हुशार मुलंही करतात. चार पेपरांची सरासरी काढतात ७३.२५, मग ती आणि क्ष यांची सरासरी घेतात, (७३.२५ + क्ष) भागिले २ ≥ ७५, आणि उत्तर काढतात ७६.७५ म्हणजे ७७. ऐकायला ठीक वाटतं. पण ७७ घालून ताळा केला तर २९३ + ७७ = ३७०, भागिले ५ म्हणजे ७४, पोहोचलोच नाही. चूक कुठं झाली, तर ७३.२५ हा एक आकडा चार पेपरांच्या वतीनं उभा आहे आणि क्ष एकाच पेपराच्या वतीनं, आणि आपण दोघांना सारखं वजन दिलं. सरासऱ्यांची सरासरी काढायचा मोह झाला की तिथंच थांबायचं आणि प्रत्येक सरासरीला तिच्या संख्येनं गुणून बेरजा करून घ्यायच्या.

दुसरी पायरी: वाक्यातला शब्द आणि चिन्ह

पोरांचं अर्धं गणित इथं चुकतं, आकडेमोड बरोबर असते पण चिन्ह उलटं पडतं. आणि याला कारण आपली भाषाच आहे. ‘कमीत कमी ७५’ म्हटलं की डोळ्यांना ‘कमी’ दिसतं आणि हात आपोआप < काढतो! पण कमीत कमी ७५ याचा अर्थ ७५ किंवा त्याच्या वर, म्हणजे ≥. तसंच ‘जास्तीत जास्त ५० रुपये’ म्हणजे ५० किंवा त्याच्या आत, तिथं ≤ येतं, ‘जास्त’ दिसलं म्हणून > नाही.

मी पोरांना सांगतो की चिन्ह काढायच्या आधी सीमेवरचा आकडा घेऊन स्वतःला दोन प्रश्न विचारा. नेमके ७५ आले तर चालेल का? आणि ७६ आले तर चालेल का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर चिन्हाखाली रेघ येणार, नाही असेल तर नाही येणार. दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर तोंड > कडे, नाही असेल तर < कडे. ‘किमान’, ‘निदान’, ‘कमीत कमी’, ‘पेक्षा कमी नको’, ‘च्या खाली जाता कामा नये’ हे सगळे ≥ वाले. ‘कमाल’, ‘जास्तीत जास्त’, ‘च्या वर जाऊ नये’, ‘पर्यंत’ हे ≤ वाले. साधं ‘पेक्षा जास्त’ म्हणजे > आणि साधं ‘पेक्षा कमी’ म्हणजे <, इथं सीमेवरचा आकडा धरायचा नाही.

याने उत्तरात फरक पडतो. वरच्याच गणितात ‘सरासरी ७५ पेक्षा जास्त’ असं विचारलं असतं तर क्ष > ८२ आलं असतं, आणि मार्क पूर्ण आकड्यात देत असतील तर उत्तर ८३. अर्धा मार्क देत असतील तर ८२.५ पण चाललं असतं, त्यामुळे क्ष कसला आकडा आहे हेही बघायचं.

‘जास्तीत जास्त’ वालं एक उदाहरण, लिफ्टचं

बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाटी असते बघा, ८ व्यक्ती, ५४४ किलो. ५४४ ला ८ ने भागा, ६८ येतात, म्हणजे माणशी सरासरी ६८ किलो धरलेत (सहा जणांच्या लिफ्टवर ४०८ लिहिलेलं असतं, तेही ६ × ६८ च). आता सात जण आत आहेत आणि त्यांचं सरासरी वजन ६६ किलो आहे, तर आठव्याचं वजन जास्तीत जास्त किती चालेल?

७ × ६६ = ४६२
४६२ + क्ष ≤ ५४४
क्ष ≤ ८२

सातांची सरासरी ६६ च्या जागी ७० असती तर ४९० झाले असते आणि आठव्याला ५४ किलोच्या आत बसावं लागलं असतं. बघा, सातांची सरासरी फक्त ४ ने वाढली पण आठव्याची जागा २८ किलोने कमी झाली, कारण ते ४ सात वेळा मोजले गेले.

तिसरी पायरी: उत्तर खरंच शक्य आहे का

क्ष ≥ काहीतरी एवढं लिहून थांबायचं नाही. पेपर १०० मार्कांचा आहे म्हणजे क्ष आपोआप ० आणि १०० च्या मध्ये आहे, ही अट गणितात लिहिलेली नसते पण ती असतेच. पहिल्याच पोराने जर विचारलं की सरासरी ८५ करायची आहे, तर ५ × ८५ = ४२५, वजा २९३, म्हणजे क्ष ≥ १३२. शंभराच्या पेपरात १३२ कुठून येणार, तर उत्तर ‘शक्य नाही’, आणि ‘शक्य नाही’ हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे, ते लिहायला घाबरायचं नाही.

यापेक्षा बरं म्हणजे आधीच दोन्ही टोकं काढून ठेवायची. पाचव्यात शून्य पडले तर सरासरी २९३ भागिले ५ = ५८.६, आणि पैकीच्या पैकी पडले तर ३९३ भागिले ५ = ७८.६. म्हणजे काहीही झालं तरी सरासरी ५८.६ ते ७८.६ च्या मध्येच राहणार. हे दोन आकडे हातात असले की कुठलं लक्ष्य जमेल आणि कुठलं नाही ते न सोडवताच सांगता येतं, आणि अभ्यासाचं प्लॅनिंग करताना मुलांना याचा खरा उपयोग होतो.

दोन्हीकडून बांधलेली गणितं पण येतात. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर ७५ टक्के आणि वर डिस्टिंक्शन, ६० आणि वर फर्स्ट क्लास. तोच हिशोब इथं लावला तर ‘फर्स्ट क्लास मिळेल पण डिस्टिंक्शन मिळणार नाही’ असे मार्क कुठले? ६० ≤ सरासरी < ७५, पाचने गुणा, ३०० ≤ २९३ + क्ष < ३७५, तिन्ही ठिकाणांतून २९३ काढा, ७ ≤ क्ष < ८२. मधल्या भागाला जे केलं ते दोन्ही टोकांनाही करायचं, एवढंच ध्यानात ठेवा.

आणि दोन पेपर बाकी असतील तर? समजा तीन झालेत, ५८, ६३, ६६, बेरीज १८७, आणि पाचांची सरासरी किमान ७० हवी. ३५० वजा १८७ म्हणजे उरलेल्या दोन्ही पेपरांत मिळून किमान १६३ पाहिजेत. एका पेपरात जास्तीत जास्त १०० पडू शकतात, म्हणून दुसऱ्यात किमान ६३ लागणारच. म्हणजे चौथ्या पेपरात ६३ च्या खाली गेलात तर पाचव्यात शंभर पाडूनही ७० होत नाही. हे ६३ उत्तर म्हणून कोणी विचारत नाही बहुधा, पण मला ते फार कामाचं वाटतं, कारण ते तुमची शेवटची मर्यादा दाखवतं.

बारावीच्या पोरांसाठी एक जाता जाता. इंजिनिअरिंगला आपल्या राज्यात ओपन कॅटेगरीला पीसीएम ग्रुपिंगमध्ये किमान ४५ टक्के लागतात, म्हणजे तीन विषय मिळून ३०० पैकी १३५. फिजिक्स ३८ आणि केमिस्ट्री ४१ असतील तर ७९ झाले, मॅथ्समध्ये किमान ५६ हवेत. तिन्ही विषयांत पास झालो म्हणजे ग्रुपिंग झालं असं समजून बसू नका, ३५-३५-३५ ची बेरीज १०५ च होते. मागास प्रवर्गासाठी हा आकडा ४० टक्के आहे, म्हणजे १२०, आणि नियम ज्या वर्षीचा प्रवेश त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत एकदा बघून घ्या.

कमी-जास्तीचा हिशोब, तोंडी करायचा असेल तर

कागद नसेल तर हे करा. लक्ष्य ७५ आहे ना, मग प्रत्येक पेपर ७५ पासून किती दूर आहे ते बघा. ६८ म्हणजे ७ कमी, ७४ म्हणजे १ कमी, ८१ म्हणजे ६ जास्त, ७० म्हणजे ५ कमी. एकूण १३ कमी आणि ६ जास्त, तर नक्त तूट ७ ची. पाचव्या पेपराने स्वतःचे ७५ तर आणायचेतच आणि वर ही ७ ची उधारी पण फेडायची, म्हणून ८२. आकडे लहान राहतात म्हणून चुका कमी होतात. भरतीची परीक्षा देणाऱ्यांनी तर हीच पद्धत हातात बसवावी असं मी सांगेन, ताळा करायला वरची पद्धत आहेच.

ब्रॅडमनचे चार रन

सरासरी आणि ‘किमान किती’ यांचं क्रिकेटमधलं सगळ्यात प्रसिद्ध गणित १४ ऑगस्ट १९४८ ला ओव्हलच्या मैदानावर घडलं. डॉन ब्रॅडमन शेवटची टेस्ट खेळायला उतरले तेव्हा त्यांचे ६९९६ रन होते आणि ते ६९ वेळा आउट झालेले होते. बॅटिंगची सरासरी काढताना किती इनिंग खेळल्या त्याने भागत नाहीत, किती वेळा आउट झाला त्याने भागतात, नॉटआउट इनिंगचे रन वर मिळतात पण ती इनिंग खाली छेदात येत नाही. त्यामुळे त्या क्षणी सरासरी होती १०१.३९. आता या इनिंगमध्ये आउट झाले तर छेद ७० होणार, आणि सरासरी किमान १०० राहायला हवी असेल तर

६९९६ + क्ष ≥ ७० × १००
क्ष ≥ ४

फक्त चार रन, म्हणजे एक चौका. इंग्लंडचा बॉलर एरिक हॉलीजने दुसऱ्याच बॉलवर त्यांना बोल्ड केलं, शून्यावर. ६९९६ भागिले ७०, म्हणजे ९९.९४, आणि तो आकडा कायमचा तसाच राहिला कारण इंग्लंड पहिल्या डावात ५२ वर आउट झालं होतं, ऑस्ट्रेलियाने डावाने मॅच जिंकली आणि ब्रॅडमनना परत बॅटिंग आलीच नाही. दुसरीकडे विचार करा, शून्यावर नॉटआउट राहिले असते तर छेद ६९ च राहिला असता आणि सरासरी १०१.३९ च. म्हणून गणित मांडायच्या आधी छेदात नक्की काय मोजतोय हे स्वच्छ करून घ्यायचं.

आपल्या मुंबईच्या दोघांचे आकडे पण बघा, एक वेगळी गोष्ट कळते. विनोद कांबळीने टेस्टमध्ये १०८४ रन केले आणि २० वेळा आउट झाला, सरासरी ५४.२०. सचिनचे १५९२१ रन, २९६ वेळा आउट, सरासरी ५३.७८. सरासऱ्या जवळजवळ सारख्या. पण दोघांनाही अजून एक इनिंग मिळाली असती आणि त्यात दोघेही शून्यावर आउट झाले असते तर? कांबळी १०८४ भागिले २१ म्हणजे ५१.६२ वर आला असता, अडीच रनांहून जास्त घसरण. सचिन १५९२१ भागिले २९७ म्हणजे ५३.६१, जेमतेम हललासुद्धा नसता. छेद मोठा झाला की सरासरी जड होते, वरही लवकर जात नाही आणि खालीही येत नाही. पहिल्या दोन टेस्टमध्ये मार्क सुधारणं सोपं आणि दहाव्या टेस्टला अवघड वाटतं ते यामुळेच.

एक गंमत अजून. ‘पुढच्या इनिंगमध्ये आउट झाला तरी सरासरी किमान ५० राहायला कांबळीला किती रन लागले असते?’ १०८४ + क्ष ≥ २१ × ५० = १०५०, म्हणजे क्ष ≥ −३४. उणे उत्तर बघून पोरं खोडरबर शोधायला लागतात, पण गणित चुकलेलं नाही. रन उणे होत नाहीत, शून्य किंवा वरच असतात, आणि शून्य हा −३४ पेक्षा मोठाच आहे, म्हणून उत्तर असं की कितीही केले तरी चालतील, सरासरी ५० च्या खाली जाणारच नव्हती.

आणि सरासरी टिकवायची असेल तर? नवा आकडा जुन्या सरासरीइतका किंवा जास्त हवा, एवढा साधा नियम आहे. सचिन नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर शेवटची इनिंग खेळायला आला तेव्हा सरासरी ५३.७२ होती, त्याने ७४ केले, ५३.७२ पेक्षा जास्त, म्हणून आउट होऊनही सरासरी वर गेली.

चौथी पायरी: किती वेळा तेच माहीत नसतं तेव्हा (हजेरी)

कॉलेजच्या पोरांचा जिव्हाळ्याचा विषय, ७५ टक्के अटेंडन्स. ही पण सरासरीच आहे बरं का, हजर असलात तर १ आणि नसलात तर ०, या सगळ्या एक-शून्यांची सरासरी ०.७५ च्या खाली नको. आत्तापर्यंत ४० लेक्चर झाले, तुम्ही २६ ला होतात, म्हणजे ६५ टक्के. इथून पुढे एकही न चुकवता सलग किती लेक्चर बसायला लागतील? ते न धरा. बसलेले वाढणार आणि झालेले पण वाढणार, म्हणून न दोन्हीकडे येतो:

(२६ + न) / (४० + न) ≥ ३/४

४० + न ही लेक्चरची संख्या आहे, ती उणे असूच शकत नाही, म्हणून तिने बेधडक दोन्ही बाजूंना गुणा, चिन्ह बदलत नाही.

४ × (२६ + न) ≥ ३ × (४० + न)
१०४ + ४न ≥ १२० + ३न
न ≥ १६

ताळा: ४२ भागिले ५६ बरोबर पाऊण. १५ ने ४१ भागिले ५५, म्हणजे ७४.५ टक्के, नाही पुरत. बघा, १० टक्के वाढवायला १६ लेक्चर लागले, ‘चार-पाच बसलो की होईल’ असं जे वाटतं ते होत नाही. आणि टर्म संपायला १२ च लेक्चर उरले असतील तर शक्य नाही, मग वेळेत सरांना किंवा मॅडमना भेटून काय करता येईल ते विचारायचं, शेवटच्या आठवड्याची वाट बघायची नाही.

आता उलटं गणित. ६० पैकी ५० ला हजर आहात, घरी लग्न आहे, किती लेक्चर सुटले तरी ७५ राहतील?

५० / (६० + न) ≥ ३/४
२०० ≥ १८० + ३न
२० ≥ ३न

म्हणजे न ≤ ६.६६. इथं उत्तर ६, सात नाही! आकडा पूर्ण करायचा म्हणून सवयीने ७ लिहिलं जातं, पण ५० भागिले ६७ म्हणजे ७४.६. ≥ आलं असेल तर वरच्या पूर्ण आकड्यावर जायचं, ≤ आलं असेल तर खालच्या. पॉइंटनंतर काय आहे ते बघून राउंड करायचं नाही, चिन्ह बघून करायचं.

चिन्ह कधी उलटतं

वरच्याच गणितात कोणी ३न डावीकडे आणि २०० उजवीकडे नेले तर −३न ≥ −२० येतं. आता −३ ने भागलं की चिन्ह उलटतं, न ≤ ६.६६. का उलटतं, तर ५ हा ३ पेक्षा मोठा आहे पण −५ हा −३ पेक्षा लहान, थंडीत उणे पाच तापमान उणे तीनपेक्षा खाली असतं तसं. माझा सल्ला असा की नवीन असाल तर क्ष नेहमी अशा बाजूला न्या जिथं त्याच्या मागचा आकडा अधिक राहील, मग उलटवायची वेळच येत नाही. तरी एकदा उलटवून करून बघाच कारण पुढच्या उदाहरणात ते लागतंय.

पाचवी पायरी: सगळ्यांचं वजन सारखं नसतं तेव्हा (दुधाची फॅट)

गावाकडच्यांना हे पटकन कळेल. गाईच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून सांगतात. समजा कॅनमध्ये ४० लिटर दूध आहे आणि त्याला फॅट लागली ३.२. दुसऱ्या गोठ्यातलं ४.१ फॅटचं दूध आहे. ते किमान किती लिटर मिसळलं म्हणजे सगळ्याची फॅट ३.५ च्या खाली येणार नाही? इथं ३.२ आणि ४.१ ची सरासरी काढून भागत नाही, लिटर वेगवेगळे आहेत. पहिल्या पायरीवर जायचं, बेरीज करायची, फक्त प्रत्येक फॅटला त्याच्या लिटरने गुणून.

४० × ३.२ + ४.१क्ष ≥ ३.५ × (४० + क्ष)
१२८ + ४.१क्ष ≥ १४० + ३.५क्ष
०.६क्ष ≥ १२
क्ष ≥ २०

कमी-जास्तीने तर हे तोंडी होतं. ४० लिटर, प्रत्येकी ०.३ कमी, एकूण तूट १२. नवीन प्रत्येक लिटर ०.६ जास्त आणतं. १२ भागिले ०.६, वीस लिटर.

आता दुसऱ्या दुधाची फॅट ४.१ ऐवजी ३.४ असती तर? १२८ + ३.४क्ष ≥ १४० + ३.५क्ष, म्हणजे −०.१क्ष ≥ १२, चिन्ह उलटवा, क्ष ≤ −१२०. लिटर उणे होत नाहीत, म्हणजे उत्तरच नाही. कांबळीच्या गणितात उणे आकडा आला तेव्हा ‘काहीही चालेल’ निघालं आणि इथं ‘काहीच चालणार नाही’, फरक चिन्हाच्या दिशेत आहे, म्हणून उणे दिसलं की घाई न करता चिन्ह परत वाचायचं. आणि तसा साधा विचार केला तरी कळतं, ३.२ मध्ये ३.४ कितीही ओता, ३.५ कसं होईल.

वेगाची सरासरी

ही थोडक्यात सांगतो पण फसवी आहे. पहिले ६० किलोमीटर घाटातून ३० च्या स्पीडने गेलात, पुढचे ६० किलोमीटर किमान किती स्पीडने गेलं म्हणजे पूर्ण प्रवासाची सरासरी किमान ४० पडेल? बरेच जण ५० सांगतात, ३० आणि ५० ची सरासरी ४० म्हणून. पण वेगाच्या छेदात वेळ असतो. १२० किलोमीटर ४० ने म्हणजे जास्तीत जास्त ३ तास मिळतात, घाटात २ तास गेले, उरला १ तास, त्यात ६० किलोमीटर, म्हणजे स्पीड किमान ६०. बघा, ‘किमान स्पीड’ चं भाषांतर ‘जास्तीत जास्त वेळ’ असं झालं, ≥ चं ≤ झालं, मग परत ≥. आणि सरासरी ६० हवी म्हटलं तर १२० किलोमीटरला २ च तास मिळतात, ते घाटातच संपलेत, कुठल्याही स्पीडने जमत नाही. गाडीचं ॲव्हरेज, म्हणजे लिटरला किती किलोमीटर, याचंही असंच, तिथं वेळेच्या जागी पेट्रोलचे लिटर मोजायचे.

तुम्ही करून बघा

एक. दुकानाची सहा दिवसांची सरासरी विक्री ४२०० रुपये आहे. आठवड्याची सरासरी किमान ४५०० व्हायला सातव्या दिवशी किती विक्री हवी?

दोन. सहा जणांच्या ४०८ किलोच्या लिफ्टमध्ये चार जण आहेत, सरासरी वजन ७१. अजून दोघे आत आले तर त्या दोघांचं सरासरी वजन जास्तीत जास्त किती चालेल?

तीन. ४५ पैकी ३० लेक्चरला हजर. ७५ टक्के व्हायला सलग किती बसावं लागेल?

पहिल्याचं उत्तर किमान ६३०० रुपये, ३१५०० मधून २५२०० वजा करून. दुसऱ्यात ४०८ वजा २८४ म्हणजे दोघांचे मिळून जास्तीत जास्त १२४, सरासरी ६२ पर्यंत, आणि इथं १२४ लिहून थांबला असाल तर प्रश्न परत वाचा, सरासरी विचारली आहे. तिसऱ्यात १२० + ४न ≥ १३५ + ३न, म्हणजे किमान १५, आणि ताळ्याला ४५ भागिले ६०.